बाजारात कोण म्हणालं?

सर स्टाफरूममधून निघाले की त्यांच्या मागून मी निघायचे. कॉलेजचा तसा रिवाजच होता. मुलींनी आपण होऊन वर्गात जाऊन बसायचं नाही. लेडीज रूममध्ये थांबायचं, घंटा झाली की प्राध्यापकांच्या पाठीमागून वर्गात शिरायचं, पुढच्या वेगळ्या बाकावर बसायचं, आणि तास संपला की पुन्हा त्यांच्याच पाठीमागून बाहेर पडायचं. शिपाई दारातून आवाज द्यायचा, "चला बाई, सर निघाले." त्या 'चला बाई'खेरीज कॉलेजात दिवसभर माझ्याशी कोणी बोलायचं नाही.

रिवाज मुलींसाठी होता, पण मुलगी मी एकटीच होते. पहिल्या वर्षी सुरुवातीचे थोडे दिवस तहसीलदारसाहेबांची मुलगी सोबत होती. साहेबांची बदली झाली, ती गेली, आणि लेडीज रूममधला बाक, आरसा आणि पाण्याचा माठ माझ्या एकटीच्या वाट्याला आला. डब्यातली भाकर आणि शेंगदाण्याची चटणी मी त्या आरशासमोर बसून खायचे. बाहेर व्हरांड्यात मुलांचा गलका चालायचा. कोणी कोणाची टोपी उडवायचा, कोणी गाणं म्हणायचा. ऐकून ऐकून मला सगळ्यांचे आवाज ओळखू यायचे, चेहरे मात्र नाही. वर्गात मान वळवून मागं बघायची सोय नव्हती. कधी कधी मी आरशाला इंग्रजीचा धडा वाचून दाखवायचे. त्याला माझे उच्चार चालायचे.

बुलढाण्याजवळच्या धाड गावाच्या अलीकडच्या एका खेड्यातली मी. आमचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, कांदे, मेथी, मिरची. वडील चौथीपर्यंत शिकलेले, माय अंगठ्यावर. त्यांचा पाच माणसांत शब्द चालायचा नाही, तो चालायचा वडिलांच्या थोरल्या भावाचा, ज्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि ते मी आजही कोणी न विचारता सांगते.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाण्याला कॉलेज होतं आणि बुलढाण्याला माझी मावशी होती. मावशी नसती तर कॉलेज असून उपयोग नव्हता. तिच्याकडे राहून मी शिकले. मावसा कोर्टात कारकून होते, तिन्हीसांजेला घरी यायचे आणि जेवून झोपायचे. मावशी मात्र दिवसभर बोलायची. तिचं बोलणं मी ऐकून घ्यायचे. दुसऱ्या वर्षी ते बदललं, आणि त्याला कारण इंग्रजीचे सर.

सर पुण्याकडचे. त्यांचं मराठी इतकं धुतलेलं होतं की मागच्या बाकांवरून त्याची नक्कल व्हायची. पहिल्याच महिन्यात त्यांनी 'आपलं खेडं' असा इंग्रजी निबंध घालून दिला. आम्ही सगळ्यांनी तो गाइडातून उतरवला. त्यात लबाडी केली असं आम्हाला वाटलंच नाही. शाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं की चांगलं वाक्य मोठ्या माणसाचं असतं, ते पाठ करायचं आणि जसंच्या तसं लिहायचं. आपलं वाक्य लिहिणं म्हणजे आगाऊपणा.

निबंध परत आले. माझ्या पहिल्याच ओळीत होतं की भारतातली खेडी म्हणजे पृथ्वीवरचा स्वर्ग. त्याखाली लाल शाईत लिहिलेलं: हू सेज?

सरांनी वर्गालाच विचारलं, "स्वर्ग. कोण म्हणतं? निम्म्या वर्गानं हेच लिहिलंय. तुमच्यापैकी कोणाच्या गावात आहे हा स्वर्ग?"

मागून आवाज आला, "सर, सोर्गात लाईट असते काय? आमच्या गावात नाही."

"अन् पाणी?" दुसरा म्हणाला. "आमची विहीर तर उन्हाळ्यात स्वर्गवासी होते."

वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या आणि मराठीत सांगितल्या. दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवायची तर तीन रस्ते असतात: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याचं काळीज आणि बोलण्याचा हिशेब. कोण बोलतंय यावर निम्मं काम होतं, ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे यावर उरलेलं. हिशेबाकडे शेवटी कोणीतरी बघतं. "पण हिशेब खोटा असेल," सर म्हणाले, "तर पहिले दोन रस्ते म्हणजे नुसती फसवणूक. म्हणून विचारायचं, कोण म्हणतं? पुस्तकात वाचलंत तर पुस्तक सांगा, लिहिणारा सांगा, पान सांगा. माणसाकडून ऐकलंत तर माणूस सांगा. आणि त्यानं स्वतः पाहिलं की त्यानंही ऐकलंच, तेही सांगा. मराठीत तुमची मोठी सोय आहे. वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लावलं की सुटलात. माझ्या वर्गात ते चालणार नाही."

दुसऱ्या निबंधात मी धीर करून स्वतःचं वाक्य लिहिलं. बुलढाणा ही जिल्ह्यातली सगळ्यात थंड जागा आहे, खामगावचे लोक इथं हवा खायला येतात. खाली लिहिलं: आधार, माझी मावशी. सरांनी शेरा मारला, 'मावशींनी खामगावात थर्मामीटर लावला होता का?' पण त्यापुढे बरोबरची खूण होती. आधार दिल्याबद्दल. ती खूण मी मावशीला दाखवली नाही. घरी न्यायला मात्र मी दुसरंच काही नेलं: तो प्रश्न.

मावशी म्हणाली, जास्त वाचलं की डोळे जातात. मी विचारलं, कोण म्हणतं? ती म्हणाली, सारे म्हणतात. मी विचारलं, कोणाचे गेले? तिनं कोणा वकिलाच्या बहिणीचं नाव सांगितलं. मी विचारलं, "तू पाह्यली तिले?"

"आता माह्या घरात मीच साक्षी-पुरावे देऊ काय वं?" मावशी चिडली. "तुहा मावसा जाते रोज कोर्टात, तेवढं पुरे हाय. भाजी निवड."

मी भाजी निवडली, पण मला मजा वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात एक हत्यार आलं होतं आणि ते चालवायला पत लागत नव्हती. माझ्यासारख्या मुलीची काय पत? पण 'कोण म्हणतं' हे कोणीही विचारू शकतं.

वर्ष संपता संपता सरांनी शेवटचं काम दिलं. आपल्या घरातल्या मोठ्या माणसाला एखादी गोष्ट पटवून देणारं भाषण इंग्रजीत लिहा. मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, "सर, माह्या बापाले इंग्रजीत पटवाले गेलो तर तो आधी मारीन अन् मंग इचारीन काय म्हटलं." मुलांनी सायकल मागितली, सिनेमा मागितला. मी लिहिलं ते वडिलांना. एकदा बुलढाण्याला या, माझं कॉलेज बघा, एवढंच पटवायचं होतं. सकाळच्या बसनं या, दुपारच्या बसनं परत जा, मळ्याचं एकच पाणी चुकेल. सरांना ते आवडलं. तास संपल्यावर मी त्यांच्या पाठीमागून चालत होते तेव्हा ते न वळता म्हणाले, "हे वडिलांना मराठीत सांगितलंत का?"

"नाही, सर."

"का?"

आमच्याकडे मुलगी वडिलांना 'या' म्हणत नाही. वडील जातात किंवा जात नाहीत. सर लेडीज रूमपाशी क्षणभर थांबले आणि पुढे गेले.

परीक्षा देऊन मी उन्हाळ्यात घरी आले. शेवटचं एक वर्ष राहिलं होतं. पहिल्याच दिवशी माय चुलीपुढून म्हणाली, "आता पुरे झालं तुहं कॉलेज. परवा पाहुणे येऊन राह्यले तुले पाहाले."

"काऊन? एकच वर्ष राह्यलं."

"लोक बोलून राह्यले."

"काय बोलून राह्यले?"

मायनं चुलीत लाकूड सारलं. भाकर उलटली, फुंकर घातली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "तू तिकडं पोरायच्या घोळक्यात राहतं म्हणे. बसस्टँडवर पोरायसंगं दिसली म्हणे."

मी हसले. खरंच हसले. ज्या कॉलेजात दोन वर्षांत एका मुलानं मला वेळ विचारली नव्हती, जिथं मी भाकरसुद्धा आरशाबरोबर खाल्ली, तिथं मी घोळक्यात राहत होते. मला वाटलं, असं असतं तर किती बरं झालं असतं. कोणीतरी बोललं तरी असतं. मग हसू थांबलं आणि त्याच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं मला कळेना. त्या दोन वर्षांचा एकटेपणा मी कोणालाच सांगितला नव्हता. सांगितला असता तर घरी परत बोलावलं असतं. आणि आता गावानं तो न सांगताच माझ्याकडून काढून घेतला होता, आणि बदल्यात हे दिलं होतं.

"कोण म्हणते?" मी विचारलं.

"मोठे बाबा."

मोठे बाबा कोनाड्यातली तंबाखू काढत होते. त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायची मुलींची रीत नाही. मी उभी राहिले. "मोठे बाबा, तुम्ही माह्याबद्दल ऐकलं ते कोणी सांगतलं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाजारात म्हणतात."

"बाजारात कोण?"

"हे काय, माही साक्ष घेतं काय वं? धाडच्या बाजारातली ते कासारीण. तुह्या मायच्या ओळखीची. झालं समाधान? आता जाय आत."

दुसऱ्या दिवशीच धाडचा आठवडी बाजार होता. पाहुणे यायचे म्हणून मला नव्या बांगड्या भरायच्या होत्या, म्हणजे माय मला कासारणीकडेच घेऊन जाणार होती. वडील भाजीची गाडी घेऊन पहाटेच पुढे गेले होते.

ज्यांनी आमच्याकडचा बाजार पाहिला नाही त्यांना सांगायला हवं की तो नुसता भाजी आणि कापडाचा नसतो. आठवडाभरात आसपासच्या गावांत जे झालं ते तिथं येतं आणि तिथूनच पुढच्या आठवड्यात सगळीकडे जातं. लग्न कुठं जमलं, कोणाची सासू भांडली, कोणाचा पोरगा पास झाला. येताना बातमी एवढीशी असते आणि जाताना पोत्यात मावत नाही. त्यात कोणाची वाईट दानत असते असंही नाही. प्रत्येकजण आपल्या परीनं थोडं घालतो, जसं भाजीवाला गिऱ्हाइकाच्या पिशवीत दोन मिरच्या वरून टाकतो.

कासारीण पालाखाली बसली होती. तिनं माझा हात ओढून घेतला, दाबून दाबून मऊ केला आणि हिरव्या बांगड्या चढवायला लागली. "हे तेच काय वं, कॉलेजातली?" तिनं मायला विचारलं. मायनं मान खाली घातली.

"मावशी," मी कासारणीला म्हणाले, "मी पोरायच्या घोळक्यात असतो हे तुमाले कोणी सांगतलं?"

"मी कुठं वाईट म्हटलं माय?" तिनं हात सोडला नाही. "मी म्हटलं, साऱ्या पोरायत हे एकटीच पोरगी हाय म्हणे. आता तुहे मोठे बाबा काही भलतंच समजले असन तं मी काय करू."

"अन् बसस्टँड?"

"एवढ्या पोरायत राहणारी पोरगी बसस्टँडवर एकटी थोडीच उभी राहीन? म्हटलं असन मी. बोलता बोलता येते तोंडात."

"पण आधी तुमाले कोणी सांगतलं?"

"हे काय, शेजारी बसेल हाय ना." तिनं पालाच्या पलीकडं तोंड करून हाक मारली, "ओ भजीवाले! या इकडं. हे पोरगी इचारून राह्यली."

शेजारच्या पालात चहा-भज्याचं हॉटेल होतं. मालक पंच्याला हात पुसत आला. जाडा, घामानं निथळलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की जशी मी त्याचीच भाची.

"ओहो! तू काय! अवं, मले कोणी सांगतलं म्हणून काय इचारतं? तुह्या बापानं. तुह्या बापाशिवाय कोण सांगणार हाय?"

मायचा हात माझ्या पाठीवर आला.

"दर बाजाराले माल खपला की इथं बसते तुहा बाप," तो सांगू लागला. बशीतला चहा फुंकायची वडिलांची रीत त्यानं हातानं करून दाखवली. "एक चाहा पेईपर्यंत तुह्यीच गोष्ट. म्हणते, मोठ्ठा हॉल हाय, वरतं पंखा हाय. सारे पोरंच पोरं, अन् त्यायच्यात माही एकटी पोरगी. मास्तर सवाल टाकते. सारे चूप. वकिलाचं पोरगं चूप, डाक्टरचं पोरगं चूप. मंग मास्तर म्हणते, तुम्ही सांगा बाई. अन् माही पोरगी उठते अन् फाडफाड इंग्रजीत सांगते. मंग सारे पोरं तास संपल्यावर तिच्याभवती गोळा होतात, आमाले समजून सांग म्हणून." तो हसला. "लै मजा येते ऐकाले. आम्ही मुद्दाम इचारतो, या आठोड्यात काय सवाल टाकला मास्तरनं? तर दर वेळी नवीन सांगते."

कासारणीनं शेवटची बांगडी चढवली. मी बघत होते, पण बांगडीकडे नाही.

वडिलांनी माझं कॉलेज पाहिलं नव्हतं. पंखा आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या वर्गात पंखा नव्हता. मला कोणी कधी 'तुम्ही सांगा बाई' म्हटलं नव्हतं, कारण सर मुलीला प्रश्न विचारून अवघडवत नसत, आणि मी हात वर करत नसे. वडिलांनी तो सगळा वर्ग मनानं बांधला होता, मला त्यात उभं केलं होतं, आणि दर आठवड्याला माझ्या तोंडी नवं उत्तर घातलं होतं. मी तिथं एकटी बसलेली असताना इथं, भज्याच्या धुरात, माझ्याभोवती मुलं गोळा होत होती.

पालाच्या बाहेर येऊन मी लांबून पाहिलं. वांग्यांच्या ढिगामागे उकिडवे बसून ते तराजू धरत होते, ओरडत होते. त्यांना आम्ही दिसलो नाही.

परतताना शेजाऱ्यांच्या बैलगाडीत माय हळूच म्हणाली, "हे घरी बोलू नको."

"मंग काय बोलू?"

"काहीच नको बोलू. चार-आठ दिवस जाऊ दे, मी बोलतो त्यायच्याशी."

"पाहुणे उद्या येऊन राह्यले, माय."

मायची रीत मला ठाऊक होती. ती कधी मुद्द्याचं बोलायची नाही. दोन दिवस म्हशीला बोलायची, दोन दिवस सुपाला, आणि पाचव्या दिवशी वडिलांना वाटायचं की आपल्याच मनात आलं. ती रीत चांगली आहे, पण तिला वेळ लागतो, आणि वेळ नव्हता.

संध्याकाळी अंगणात मोठे बाबा बाजेवर बसले होते. वडील खाली बसून उरलेले कांदे निवडत होते, कुजके एका बाजूला. मोठ्या बाबांनी उद्याची तजवीज सांगायला सुरुवात केली. कोण किती वाजता येणार, बसायला काय अंथरायचं. मी दारातून बाहेर आले आणि म्हणाले, "मले बोलायचं हाय."

मी सरांनी शिकवलं तसंच बोलले. आधी मुद्दा: मला शेवटचं वर्ष पुरं करायचं आहे. मग हिशेब: मी वर्गात सरांच्या मागून जाते, त्यांच्याच मागून येते, माझा बाक वेगळा आहे. बसस्टँडवर मावसा पोचवायला येतात. यातलं काही खोटं वाटत असेल तर मावशाला विचारा, शिपायाला विचारा. म्हणून जे माझ्याबद्दल बोललं जातं ते खरं नाही. वाक्यं क्रमानं आली.

मोठे बाबा म्हणाले, "मंग लोकायले काय सपन पडलं? हे आलं कुठून?"

तिथं थांबता आलं असतं. कासारीण म्हणता आलं असतं, हॉटेलवाला म्हणता आलं असतं.

तेवढ्यात वडीलच उठले. हातात कांदा तसाच. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "हाव, सांग. माह्या पोरीबद्दल कोण बोललं? नाव सांग. उद्याच्याले त्याच्या दारात जातो अन् त्याचं थोबाड फोडतो. भिऊ नको. कोण म्हणते?"

माय दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मान हलवली, नको म्हणून.

मी म्हणाले, "तुम्ही, बाबा."

आणि मग सगळं सांगितलं. हॉल, पंखा, वकिलाचा मुलगा, प्रश्न, भोवती गोळा होणारी मुलं. हॉटेलवाल्यानं कासारणीला काय सांगितलं, कासारणीनं मोठ्या बाबांना काय सांगितलं, कोणी कुठं काय घातलं. काही वगळलं नाही.

मोठे बाबा हसायला लागले. मांडी थोपटत हसले. "घ्या! अरे, तूच हॉटेलात बसून सांगत राह्यला अन् मी तुह्या पोरीचं लग्न लावून राह्यलो! पंखा काय, फाडफाड काय! वा रे गड्या!" बराच वेळ ते हसत राहिले. त्यांच्या मनातलं किल्मिष त्या हसण्यात निघून गेलं हे मला कळत होतं. मी जिंकले होते.

वडील हसले नाहीत. ते हातातल्या कांद्याकडे बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "पण सवालाचं उत्तर तर तू देतं ना?"

हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला नंतर अनेकांनी विचारलं आहे. काही बिघडलं नसतं. पण आत्ताच, त्याच अंगणात, मी सगळ्यांना खरं-खोटं वेगळं करून दाखवलं होतं, आणि लगेच पुढचं वाक्य खोटं बोलणं मला जमलं नाही. आजही जमणार नाही.

"नाही, बाबा. मले कोणी इचारतच नाही."

"बरं," ते म्हणाले. पुन्हा खाली बसले. एक कांदा उचलला, पाहिला, चांगल्यांत टाकला. मग भावाला म्हणाले, "पाहुण्यायले निरोप द्या. येऊ नका म्हणा. पोरगी शिकून राह्यली."

जूनमध्ये मी बुलढाण्याला परत गेले. पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गाला एक प्रश्न विचारला आणि मी हात वर केला. सर इतके चकित झाले की आधी त्यांना वाटलं मला बाहेर जायचं आहे. मी उठले आणि सांगितलं. फाडफाड नाही, अडखळत, पण इंग्रजीत आणि बरोबर. मागं सगळं शांत होतं. तास संपला तेव्हा माझ्याभोवती कोणी गोळा झालं नाही. मी सरांच्या पाठीमागून बाहेर पडले आणि लेडीज रूममध्ये जाऊन डबा उघडला.

त्या वर्षभरात मी बऱ्याच वेळा उत्तरं दिली. दिवाळीत घरी गेले तेव्हा वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "हो का? चांगलं हाय," आणि विहिरीकडं गेले. मला वाटलं आता बाजारात सांगतील. आता तर सांगायला खरं होतं, मुलीनं स्वतः पाहिलेलं, आधारासकट. पण मायकडून कळलं की त्या उन्हाळ्यानंतर त्यांनी हॉटेलात माझा विषयच काढला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, शिकते. चहा प्यायचे आणि उठायचे. घरीही ते माझ्याशी जपून बोलू लागले, जसं तलाठ्याशी बोलतात. मी काही म्हटलं की मध्ये बोलायचे नाहीत, पूर्ण ऐकून घ्यायचे. वडिलांनी मला असं ऐकून घ्यावं इतकी मी तेव्हा मोठी झाले नव्हते.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी गावी होते. मावशानं निरोप पाठवला: सेकंड क्लास. माय रडली. मोठ्या बाबांनी गावभर पेढे वाटायला लावले. वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मळ्याकडं गेले.

पुढच्या बाजाराला मी धाडला गेले. कासारणीच्या पालाशेजारी जाऊन हॉटेलच्या बाकावर बसले. तिथं बायका बसत नसत. हॉटेलवाल्यानं मला ओळखलं, बावचळला, मग स्वतःच्या हातानं चहा घेऊन आला.

"मी पास झाली," मी म्हणाले. "बी.ए. सेकंड क्लासात."

"आं? अन् तुहा बाप काही बोलला नाही! सकाळपासून तीन येळा चाहा पेऊन गेला!"

"म्हणून मी सांगाले आली."

त्यानं पंचा खांद्यावर टाकला आणि बाजाराच्या त्या गर्दीवरून, वांग्यांच्या ढिगांकडं तोंड करून एवढ्यानं आरोळी दिली की शेजारची माणसं वळून बघायला लागली, "ओ बापू! पोरगी बी.ए. झाली तुमची! सांगतलं बी नाही!"

वडिलांनी वर पाहिलं. मला बाकावर बसलेलं त्यांनी पाहिलं. त्यांच्यापुढे वाकून वांगी निवडणाऱ्या गिऱ्हाइकानंही मान वर केली आणि त्यांना काहीतरी विचारलं. वडिलांनी तराजू खाली ठेवला आणि त्या माणसाला काहीतरी सांगू लागले. हात हलवत होते. ते काय सांगत होते, ते इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही.